अर्धशक्ती आणि बाराशे किलोमीटर : दीर्घपल्ल्याच्या सायकलस्वारास वैद्याने काय सांगावे?

सायकलवरून दीर्घ पल्ला गाठण्याचा छंद महाराष्ट्रात आता नवा राहिलेला नाही. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतून २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांच्या ‘ब्रेव्हे’ नियमाने होत असतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका खंड ओलांडणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार पाडली. हे चौघेही वैद्यकीय पेशातील आहेत, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

अशा सायकलस्वारांपैकी काहीजण आमच्या व्यवसायबंधूंच्या चिकित्सालयांतही येऊ लागले आहेत. त्यांना रोग नसतो. ‘ताकद टिकेल असे काही द्या’, एवढीच त्यांची मागणी असते. या मागणीस आपल्याकडे बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही वैद्य म्हणतात, ‘व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे शास्त्र सांगते, हा वेडेपणा सोडून द्या.’ काहीजण अश्वगंधेची बाटली व एखादी वटी पुढे करून मोकळे होतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्यात शास्त्राचा आधार आहे, पण समोरच्या माणसाचा विचार नाही. दुसऱ्यात गिऱ्हाइकाचा विचार आहे, पण शास्त्र नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाच्या सर्वांत अवघड प्रकाराचा, म्हणजे ‘फिक्स्ड गिअर’ सायकलवरून दीर्घ पल्ला गाठू पाहणाऱ्या व्यक्तीच्या सिद्धतेचा, विचार करणार आहोत. अवघड उदाहरण नीट सुटले की सोपी उदाहरणे आपोआप सुटतात.

पल्ला आणि वाहन

या क्रीडाप्रकाराचे माहेरघर फ्रान्स होय. पॅरिसहून ब्रेस्ट या समुद्रकाठच्या गावी जाऊन परत यावयाचे, अशी सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत प्रथम १८९१ मध्ये झाली आणि शार्ल तेराँ याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. पुढे व्यावसायिक शर्यत बंद पडली. परंतु हौशी सायकलस्वारांसाठी तीच वाट आजही खुली आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑडाक्स क्लब पारिझियाँ’ या संस्थेच्या नियमांनुसार ती दर चार वर्षांनी भरते. २०१९ व २०२३ मध्ये ती झाली आणि पुढची २०२७ मध्ये आहे. कमाल कालमर्यादा ९० तासांची असून मार्गावरील चढांची बेरीज ११ ते १२ हजार मीटरांच्या घरात जाते. तेथे प्रवेश मिळण्यासाठी त्याच हंगामात चार पात्रता-फेऱ्या पुऱ्या कराव्या लागतात : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. येथे क्रमांक लावले जात नाहीत. वेळेत पोहोचणे एवढेच यश.

आता वाहनाविषयी. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकास फ्रीव्हील असते; त्यामुळे उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. फिक्स्ड गिअर सायकलीत ही सोय नसते. लहान मुलांच्या तीनचाकी सायकलीप्रमाणे चाक फिरले की पेडल फिरलेच पाहिजे. गिअर एकच असतो. चढ असो की उतार, बदल नाही.

याचा शरीरावर काय परिणाम होतो, हे थोड्या हिशेबाने कळेल. पुढच्या चक्रास ४४ व मागच्यास १६ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.८ मीटर पुढे जाते. सपाटीवर मिनिटास ८० फेरे मारले असता वेग ताशी २७ ते २८ किलोमीटर येतो. हीच सायकल घाटाच्या चढावर ताशी १० किलोमीटरांवर आली, की मिनिटास जेमतेम २९ फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्यावर व कटीवर पडतो. उलट उतारावर ताशी ४५ किलोमीटर वेग झाला, की पायांना मिनिटास १३० फेरे फिरावेच लागतात. त्यात वेग आवरण्यासाठी पेडलवर मागे दाब द्यावा, तर मांडीचे स्नायू लांबत असतानाच आकुंचन पावतात. स्नायूंना इजा करणारा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका देणारा प्रकार हाच. १,२०० किलोमीटरांत एकंदर फेरे सुमारे दोन लाख आठ हजार होतात, आणि त्यांतील एकही टाळता येत नाही. गिअरच्या सायकलीस उतार म्हणजे विसावा. येथे विसावा हवा असेल तर सायकलवरून उतरावेच लागते.

शास्त्राचा आक्षेप खरा आहे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचे गुण सांगितले आणि लगेच अतिव्यायामाचे दोषही सांगितले : श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर, छर्दी. त्याच ठिकाणी व्यायाम, अध्व म्हणजे प्रवास, आणि प्रजागर यांचा अतिरेक, सवय असली तरीही, बुद्धिमान माणसाने करू नये असे बजावले आहे. दीर्घपल्ल्याच्या सायकलफेरीत हे तिन्ही एकाच वेळी घडतात. निदानस्थानात शोषाची चार कारणे दिली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. फार दूरचा मार्ग वेगाने तोडणे हे तेथे साहसाच्या उदाहरणांतच येते. सायकलस्वार मूत्रवेग धरून ठेवतो, घामावाटे व उपासाने क्षीण होतो आणि मध्यरात्री मिळेल ते मिळेल तसे खातो. म्हणजे उरलेली तीन कारणेही तेथे हजर असतात.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे, की वैद्याने या उपक्रमास ‘स्वस्थवृत्त’ म्हणून प्रशस्तिपत्र देऊ नये. बाराशे किलोमीटरांची फेरी हे साहस आहे आणि ते साहसच आहे, असे समोरच्यास स्पष्ट सांगावे. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे कर्तव्य टाळणे होय. गिर्यारोहक, सैनिक, वारीत शेकडो कोस चालणारा वारकरी यांनाही आपण ‘घरी बसा’ असे सांगत नाही. ज्याने निश्चय केला आहे तो जाणारच. चार कारणांपैकी तीन टाळता येण्यासारखी आहेत आणि पहिले सौम्य करता येण्यासारखे आहे. आपले काम तेथे आहे.

अर्धशक्ती म्हणजे काय?

अर्धशक्तीचा अर्थ आपण पुष्कळदा ‘थोडा व्यायाम’ असा करतो. सुश्रुतसंहितेत बलार्धाचे लक्षण सांगितले आहे ते किलोमीटरांत किंवा घटकांत नव्हे, तर श्वासात : हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला की अर्धे बल खर्ची पडले असे समजावे. तोंडाने श्वास घ्यावा लागणे, तोंड कोरडे पडणे, ललाट, नासिका व काखेत घाम येणे ही लक्षणे प्रत्येक वैद्यास पाठ आहेत. आजचे क्रीडावैद्यकही ‘चालू व्यायामात सलग वाक्य बोलता येते का’ ही कसोटी वापरते. दोहोंचा रोख एकाच मर्यादेकडे आहे.

याचा अर्थ अर्धशक्ती ही व्यक्तिसापेक्ष आहे. ब्रेव्हेच्या कालमर्यादेचा हिशेब केला तर थांबे धरून लागणारा सरासरी वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर येतो. बाराशेस तो १३ च्या आसपास असतो. ज्याचे पूर्ण बल कमी, त्याला हा वेग पूर्ण शक्तीचा ठरेल; ज्याने बल वाढवले, त्याला तोच अर्धशक्तीचा ठरेल. तेव्हा सिद्धतेचे उद्दिष्ट ‘अधिक सोसणे’ हे नसून, ठरलेला वेग आपल्या अर्धशक्तीच्या आत आणणे हे असावे. फिक्स्ड गिअरवर ही कसोटी विशेष कठोर होते, कारण चढावर गिअर उतरवून श्वास सावरण्याची सोय नाही. अशा स्वाराने चढावर मुखश्वास सुरू होताच उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही. नियमाचे पालन आहे. चक्र निवडतानाही लहान गुणोत्तर घ्यावे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस वेगवेगळ्या दातांची चक्रे बसवता येतात. घाटाच्या पायथ्याशी चाक उलटून घेण्यास काही मिनिटे लागतात, गुडघे मात्र वाचतात. ब्रेकविषयी तडजोड नको. फ्रान्सच्या वाहतूक नियमांत प्रत्येक सायकलीस दोन परिणामकारक ब्रेक सक्तीचे आहेत. पायांनी वेग आवरण्याचा हट्ट धरणाऱ्यास ब्रेक वापरण्यास सांगणे हीदेखील मांसधातूची चिकित्साच होय.

पादांशिक क्रम

चरकाचार्यांच्या त्याच अध्यायात, अतिव्यायामाच्या निषेधाला लागूनच, पादांशिक क्रम आला आहे. सवयीची वस्तू सोडताना व नवी स्वीकारताना एकदम बदल न करता पाव-पाव भागाने करावा, असा तो विधी आहे. आपण तो अपथ्य सोडवताना वापरतो. गिअरच्या सायकलीवरून फिक्स्ड गिअरवर जाणाऱ्यास तो जसाच्या तसा लागू पडतो, असे आम्हांस वाटते. आठवड्यास जेवढे किलोमीटर होत असतील त्यांतील पाव भाग प्रथम नव्या सायकलीवर करावा, तोही सपाटीवर. तो अंगवळणी पडल्यावर अर्धा, नंतर पाऊण, नंतर सर्व. प्रत्येक टप्प्यास दोन ते तीन आठवडे द्यावेत. उतार शेवटच्या दोन टप्प्यांतच घ्यावेत. स्नायूंना उलट्या ताणाची सवय थोड्या मात्रेने लावली, की पुढच्या वेळी तेवढ्याच श्रमाने होणारी इजा कमी होते, हे आधुनिक शरीरक्रियाशास्त्रासही मान्य आहे. आठवड्यांची संख्या व उतारांविषयीची सूचना आमची आहे, ग्रंथाची नव्हे, हे येथे नमूद करतो.

ऋतूचा विचारही हवा. हेमंत, शिशिर व वसंत हे अर्धशक्ती व्यायामाचे ऋतू. ग्रीष्म, वर्षा व शरद यांत व्यायाम त्याहून कमी. महाराष्ट्रातील स्वाराने पात्रता-फेऱ्या हिवाळ्यातच उरकणे हे या नियमास धरून आहे. अडचण पुढे येते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस फेरी ऑगस्टमध्ये असते. तेव्हा आपल्याकडे वर्षा ऋतू, अग्नी मंद, वात प्रकुपित. नेमके याच काळात अखेरची तयारी म्हणून स्वार सर्वाधिक श्रम करतो. येथे वैद्याने आग्रह धरावा, की पावसाळ्यात पल्ला वाढवू नये. मिळवलेले बल टिकवावे, लघु व उष्ण आहार ठेवावा, अभ्यंग चुकवू नये. बस्ती द्यावयाचे असल्यास प्रस्थानापूर्वी पुरेसे आधी द्यावे. निघण्याच्या आठवड्यात शोधनाचा कोणताही प्रयोग करू नये.

श्रमहर गण काय सांगतो?

आता ‘ताकदीचे काही द्या’ या मागणीकडे वळू. चरकसंहितेतील श्रमहर महाकषायाची दहा द्रव्ये आठवावीत : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव आणि षष्टिक. यांत एकही तीव्र औषध नाही. सर्व खाद्य आहेत. सात फळे, एक ऊस आणि दोन धान्ये. बल्य महाकषायात अश्वगंधा, बला, अतिबला आहेत. परंतु बल्य वेगळे आणि श्रमहर वेगळे, हा भेद आचार्यांनी केला तो सहेतुक आहे. बल महिनोन्महिने कमवावयाचे असते; श्रम त्या-त्या वेळी हरावयाचा असतो. वाटेत थकलेल्या स्वारास अश्वगंधेची गोळी देऊन काही साधत नाही. चार खजूर साधतात. दीर्घ श्रमात तासास ३० ते ६० ग्रॅम शर्करा लागते, आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज एकत्र असल्यास त्याहून अधिक पचते, असे आजचे पोषणशास्त्र सांगते. खजूर व मनुका यांत दोन्ही शर्करा निसर्गतःच असतात. खर्जूरादि मंथ, लाजमंड, सैंधव घातलेले मूगयूष, सातू हे आपले पदार्थ घरच्या सरावफेरीतच करून पाहावेत. फेरीच्या दिवशी प्रथमच काही नवे खाणे हेच विषमाशन.

पाण्याविषयीही मात्रा सांगावी. तृष्णेचा वेग धरू नये. पण तहान नसता पाणी ढोसणेही घातक ठरू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के व्यक्तींत सोडियम कमी आढळले होते, आणि त्याचा संबंध अतिजलपानाशी व धावताना वाढलेल्या वजनाशी होता. तहानेनुसार पाणी आणि सोबत लवण, एवढे सूत्र पुरेसे आहे.

प्रजागराच्या बाबतीत वाग्भटाचार्यांचा एक व्यवहार्य नियम आहे : सवय नसता रात्री जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता झोपावे. फेरी संपल्यावर आधी भरपेट जेवून मग झोपणारा स्वार नेमके उलटे करतो. थोडे पेय घेऊन झोप, आणि उठल्यावर पेयादि क्रमाने आहार, असा उपदेश करावा. फेरीच्या आधीच्या आठवड्यात पुरेशी झोप घेण्यासही सांगावे. पेंगुळलेला फिक्स्ड गिअर स्वार उतारावर असणे ही थट्टेची गोष्ट नाही. त्याचे पाय थांबले तरी पेडले थांबत नाहीत.

कोठे थांबावयाचे, कोठे पाठवावयाचे

अभ्यंग, नितंबावरील घर्षणाच्या व्रणांस शतधौत घृत किंवा जात्यादि तेल, वातानुलोमन ही आपली क्षेत्रे आहेत. पण काही लक्षणे अशी आहेत, की तेथे घरगुती उपाय करीत बसू नये. श्रमानंतर मूत्र काळपट-तांबडे झाले आणि स्नायू सुजून दुखू लागले, तर मांसधातूचा नाश होऊन वृक्कांस धोका असतो. तत्काळ रुग्णालयात पाठवावे. छातीत दुखणे, मूर्च्छा, श्रमकाळात भ्रम व असंबद्ध बोलणे, यांबाबतही तेच. करंगळी व अनामिकेची बधिरता हँडलवरील दाबामुळे येते. जननेंद्रियाजवळील बधिरता सॅडलमुळे येते. या दोहोंत आधी बैठक सुधारावी, मग औषधाचा विचार करावा. मान उचलून धरण्याची शक्तीच संपणे, या विकारास १९८३ च्या अमेरिकेतील शर्यतीतील स्पर्धक मायकेल शर्मर यांच्यावरून ‘शर्मर्स नेक’ असे नाव पडले आहे. त्यास मन्यास्तंभ समजून मर्दन करीत पुढे जाऊ देणे अयोग्य. तेथे फेरी संपली असे सांगण्याचे धैर्य वैद्याने दाखवावे. चाळिशी उलटलेल्यांचा रक्तदाब, रक्तशर्करा व हृदयालेख पाहिल्यावाचून संमती देऊ नये.

निर्दोष दिसणारी वटी

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः लेखणी उचलली त्याकडे येतो. ब्रेव्हे ही स्पर्धा नव्हे. परंतु त्याच वाटेने पुढे गेलेला तरुण राज्य व राष्ट्रीय स्पर्धांत उतरतो, आणि तेथे उत्तेजकविरोधी नियम लागू असतात. जागतिक संस्था ‘वाडा’ १९९९ पासून आणि आपली ‘नाडा’ २००५ पासून कार्यरत आहे. २०२२ मध्ये आपल्या संसदेने त्यासंबंधी स्वतंत्र कायदाही केला. या व्यवस्थेचे तत्त्व असे, की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ‘वैद्याने दिले होते’ हे म्हणणे त्यास दोषातून मुक्त करीत नाही.

आपल्या व्यवहारातील उदाहरणे पाहू. शर्यतीच्या आदल्या दिवशी खेळाडूस भूक लागत नाही, म्हणून कोणी अग्नितुंडी वटी देतो. तीत विषमुष्टी असते. विषतिंदुक वटीचे तर नावच सांगते. विषमुष्टीतील स्ट्रिक्निन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. दुग्धादि शोधनाने ते घटते, नाहीसे होत नाही. पोट बिघडले म्हणून कर्पूर रस द्यावा, तर त्यात अहिफेन आहे. जातिफलादि चूर्ण द्यावे, तर त्यात भंगा आहे. अहिफेनातील मॉर्फिन आणि भंगेतील कॅनाबिनॉइड ही दोन्ही स्पर्धाकाळात निषिद्ध. श्वासासाठी सोमलता दिली तर एफेड्रिन. त्याची मूत्रातील मर्यादा मिलिलिटरास १० मायक्रोग्रॅम आहे. हायजेनामाइन हे द्रव्य सर्वकाळ निषिद्ध असून ते टिनोस्पोरा क्रिस्पा या वनस्पतीत असल्याचे ‘वाडा’नेच म्हटले आहे. आपली गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, ती वेगळी. पण बाजारातून आलेली वाळलेली कांडे कोणत्या जातीची आहेत, हे आपण प्रत्येक वेळी पाहतो काय?

अश्वगंधा, शतावरी, आमलकी ही निषिद्ध यादीत नाहीत, हे खरे. परंतु ‘सांधेदुखीवर खात्रीचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही निनावी पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ सापडते, हेही आपण जाणतो. अशी एक पुडी एका खेळाडूची अनेक वर्षांची साधना धुळीस मिळवू शकते, आणि दोष लागतो तो संपूर्ण आयुर्वेदास.

यावर काही औषधनिर्माते असे म्हणतील, की सायकलस्वार हा नवा व सधन ग्राहक आहे. त्याच्यासाठी ‘स्टॅमिना’चे उत्पादन काढण्यात वावगे काय? आमचा व्यापारास विरोध नाही. विरोध आहे तो परीक्षणावाचून केलेल्या दाव्यास. ज्या बाटलीवर खेळाडूचे चित्र छापले, ती बाटली खेळाडू घेणार, हे छापणाऱ्यास ठाऊक असते. तेव्हा त्या प्रत्येक घाण्याची निषिद्ध द्रव्यांसाठी तपासणी करून घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तो खर्च परवडत नसेल तर चित्र छापू नये. खजुराचा, आमलकीचा, सातूचा निर्भेळ खाद्यपदार्थ उत्तम प्रतीचा करून विकावा. श्रमहर गणाचा आधार त्यास आहे आणि मागणीही आहे.

आमच्या सूचना

वैद्यबंधूंनी व भगिनींनी व्यायामी व्यक्तीस ‘आपण परीक्षण होणाऱ्या स्पर्धांत उतरता काय?’ हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा आणि उत्तर केसपेपरवर लिहावे. उत्तर होकारार्थी असल्यास अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेली औषधे स्पर्धाकाळात व तत्पूर्वी टाळावीत, दिलेल्या प्रत्येक कल्पाचे घटक लिहून द्यावेत, आणि शंका असेल तेथे औषध न देता आहार-विहारावर भागवावे. औषधालयचालकांनी ‘खेळाडूसाठी हवे’ असे म्हणून आलेल्यास वैद्याच्या पत्रावाचून रसौषधी देऊ नये. औषधनिर्मात्यांनी आपल्या कल्पांतील विषमुष्टी, भंगा, अहिफेन व सोमलता यांची स्पष्ट यादी मराठीत करून विक्रेत्यांस पुरवावी. आपल्या संघटनेने अशी एकत्रित यादी तयार करून या नियतकालिकातून प्रसिद्ध करावी आणि ‘वाडा’ची यादी दरवर्षी बदलत असल्याने तिचे दर जानेवारीत पुनरीक्षण करावे, असा प्रस्ताव आम्ही या लेखाद्वारे मांडीत आहोत.

२०२७ च्या ऑगस्टपूर्वी महाराष्ट्रातून अनेक स्वार पात्रता-फेऱ्यांत उतरतील. त्यांतील काही आपल्याकडेही येतील. त्यांस बलार्धाची खूण, पादांशिक क्रम, श्रमहर आहार आणि निद्रेचा नियम एवढे जरी आपण नीट समजावून दिले, तरी कोणत्याही बाटलीपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. सदर यादीच्या कामी ज्या वैद्यांस व औषधनिर्मात्यांस साहाय्य करण्याची इच्छा असेल, त्यांनी आपापल्या जिल्हा शाखेकडे नावे द्यावीत, ही विनंती.